पाच घावनं

मी राहतो कुठे, हे माझ्या आईला अजून नीट सांगता येत नाही. "म्हशींच्या गावाला असतो," असं ती कुडाळात सगळ्यांना सांगते, आणि ऐकणाऱ्यांचा समज होतो की मी डेअरीत आहे. गावाचं नाव बफलो. न्यूयॉर्क राज्याचा पार पश्चिमेकडचा कोपरा, ईरी सरोवराचा काठ. नायगारा इथून अर्ध्या तासावर असल्यामुळे भारतातून अमेरिकेत आलेला प्रत्येक नातेवाईक आमच्याकडे एक मुक्काम ठोकतो, धबधब्यासमोर फोटो काढतो आणि जातो. हे गाव खरं ज्याच्यावर जगतं, ते बघायला मात्र कोणी येत नाही. ते म्हणजे बफलो बिल्स.

बिल्स हा फुटबॉलचा संघ. इथला फुटबॉल, म्हणजे जो हाताने खेळतात तो. नियम सांगत बसलो तर लेख इथेच संपेल, म्हणून फक्त क्वार्टरबॅकपुरतं सांगतो. क्वार्टरबॅक म्हणजे लग्नघरातला तो एक मामा, ज्याच्या खिशात कोठीच्या किल्ल्या असतात आणि ज्याला आचाऱ्यापासून भटजीपर्यंत सगळे शोधत असतात. प्रत्येक वेळी चेंडू आधी त्याच्या हातात येतो. पुढच्या तीनेक सेकंदांत तो कोणाकडे फेकायचा हे त्याने ठरवायचं, आणि तेवढ्यात समोरून सव्वाशे-सव्वाशे किलोचे चार व्याही त्याला आडवं करायला धावत सुटतात. फेकलेला चेंडू आपल्या माणसाऐवजी त्यांच्याने झेलला, तर ते इंटरसेप्शन. म्हणजे जिलबीचं ताट घेऊन निघालात आणि शेजारच्या कार्यालयात वाढून आलात.

एवढ्या ज्ञानावर मी या गावात बरीच वर्षं सुखाने काढली होती. विचारलं तर "गो बिल्स" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. १९ नोव्हेंबर २०१७ च्या रविवारी हे सुख संपलं.

आमच्या शेजारी पोस्टातून निवृत्त झालेले एक काका राहतात. (बोलणं सगळं इंग्रजीत, तिथे काय, सगळेच 'यू'. पण मनातल्या मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून 'अहो काका'च म्हणतो.) त्यांच्या तळघरात दर रविवारी सामन्याचा दरबार भरतो. त्या दिवशी मलाही बोलावणं आलं, कारण प्रसंग ऐतिहासिक होता. नऊ सामन्यांत पाच विजय, म्हणजे गाडी रुळावर होती, तरी प्रशिक्षक शॉन मॅकडरमॉट यांनी टायरॉड टेलर या अनुभवी क्वार्टरबॅकला बसवून नेथन पीटरमन नावाच्या नव्या पोराला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवायचं ठरवलं होतं. सामना दूर कॅलिफोर्नियात, चार्जर्सविरुद्ध. तिथे दुपार, आमच्याकडे अंधारायला आलेलं.

तळघरात मधल्या मेजावर कोंबडीच्या पंखांचा डोंगर. बफलो विंग्ज याच गावात १९६४ साली अँकर बारमध्ये जन्माला आल्या, असं इथलं शेंबडं पोरही सांगतं. बफलोत राहून विंग्ज न खाणं म्हणजे मालवणात जाऊन मासे नको म्हणणं, आणि मी दोन्ही ठिकाणी हाच गुन्हा केलेला आहे. त्यामुळे माझ्या वाट्याला डोंगराच्या पायथ्याशी ठेवलेल्या सेलरीच्या काड्या आल्या. सेलरी म्हणजे कोथिंबिरीचा वास गेलेला दांडा.

सामना सुरू झाला. पीटरमनने थोड्याच वेळात एक चेंडू फेकला, तो आपल्याच पॅट्रिक डिमार्कोच्या हातांवर आपटून उडाला, आणि चार्जर्सच्या एका गड्याने तो हवेतच पकडून ५९ यार्ड धावत थेट आमच्या हद्दीच्या शेवटाला नेऊन ठेवला. "ही चूक पोराची नाही," काका म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या इंटरसेप्शनला माना जरा कमी डोलल्या. तिसऱ्याला कोणीतरी विंग अर्धी खाऊन खाली ठेवली. बफलोत याला दुखवटा म्हणतात. चौथं झालं. मग पाचवं. आणि हे सगळं मध्यंतराच्या आत! धावफलक ३७–७. मध्यंतरानंतर मैदानात आला तो टेलर. शेवटी ५४–२४ ने हरलो, पण तो निव्वळ बाराव्याचा स्वयंपाक होता.

मग सुरू झाला पंचनामा. मी आपला समजत होतो, हरले, आता घरी जायचं. छे! हरल्यावर तर इथे खरा खेळ सुरू होतो.

काकांची मेहुणी लोकांच्या आयकराचे हिशेब करते. तिने पेपर नॅपकिनवर रकाने आखले. एकूण चौदा फेकी. सहा आपल्या माणसांकडे, पाच त्यांच्या. "सख्ख्या भावांत जमिनीची इतकी समान वाटणी होत नाही," ती म्हणाली. (हे वाक्य तिचंच, फक्त तिच्या मूळ वाक्यात जमिनीऐवजी तळ्याकाठचं घर होतं.) मग तिने वजावटी सुरू केल्या. पहिलं इंटरसेप्शन डिमार्कोच्या खाती. ज्या वेळी समोरचे राक्षस पोराच्या अंगावर होते त्या वेळचं, पोराला वाचवायला उभ्या असलेल्या पाच जणांच्या खाती. "निव्वळ देणं तीन," तिने रेघ ओढली. तिचा जावई टेलरचा भक्त. त्याला एकही वजावट मान्य नव्हती. "आधीच्या सामन्यात टेलरने काय दिवे लावले होते?" असं मेहुणी म्हणाली, आणि सासू-जावयाचं जे जुंपलं, त्यात मध्येच एका ख्रिसमसच्या भेटीचाही हिशेब निघाला.

काका या सगळ्याच्या वर होते. त्यांचं म्हणणं, दोष कोणाचाच नाही, दोष गावाचा. १९९१ ते १९९४ अशी सलग चार वर्षं बिल्स सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्याला, पोचले आणि चारही वेळा हरले. पहिल्याच वेळी शेवटच्या क्षणी स्कॉट नॉरवूडने ४७ यार्डांवरून (हा एक चेंडू मात्र पायाने) मारलेला चेंडू खांबांच्या उजवीकडून बाहेर गेला, आणि सामना एका गुणाने गेला, १९–२०. ही गोष्ट काका अशी सांगतात, जशी आमच्याकडे पानिपताची सांगतात. किती मोहरा हरवल्या ते तोंडपाठ. आणि बाद फेरीचं तोंड तर संघाने सतरा वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

इथवर मी गप्प होतो. पण पाहुण्याने अगदीच गप्प बसणं बरं दिसत नाही. काकांनी माझ्याकडे बघून "तुला काय वाटतं?" असं विचारलं, आणि मी लग्नाच्या पंगतीत 'मठ्ठा छान झालाय' म्हणतात त्या सुरात म्हणालो, "नवा आहे बिचारा. आणखी एक संधी द्यायला हवी."

तळघर शांत झालं. सासू-जावई एक झाले.

सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी पोचण्याआधीच बातमी पोचलेली होती. काकांचा पुतण्या आमच्याच मजल्यावर बसतो. "हाच तो," त्याने मला दाखवून सांगितलं. लाखो माणसांच्या या परिसरात पीटरमनचा एकच समर्थक उरला होता, आणि तो कुडाळचा होता.

आता माणसाने सरळ म्हणावं की बाबांनो, मी सभ्यपणाने बोललो, मला यातलं काही कळत नाही. पण चुकून घेतलेलं वकीलपत्रसुद्धा आम्ही लोक सोडत नाही. रात्री जागून मी खटल्याचे कागद वाचले. कॉलेजातली पोरं संघ फेरी-फेरीने निवडतात, त्यात हा पोरगा पाचव्या फेरीत निवडला गेलेला, म्हणजे फार कोणाच्या अपेक्षा नव्हत्या, हा मुद्दा एक. दुसरा मुद्दा हुकमी. २०१६ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाकडून खेळताना याच पीटरमनने पाच टचडाऊन (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या हद्दीच्या शेवटाला पोचवणं) फेकून क्लेमसनला ४३–४२ असं हरवलं होतं, आणि त्या मोसमात पुढे राष्ट्रीय विजेतेपद कोणी जिंकलं? क्लेमसननेच. मंगळवारी हा मुद्दा मी जेवणाच्या सुट्टीत मांडला. पुतण्या शांतपणे म्हणाला, "त्याआधी टेनेसी विद्यापीठाकडून पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला तेव्हाचे आकडे वाचलेस? अकरा फेकी, मिळून पाच यार्ड, दोन इंटरसेप्शन." ते पान मी वाचलं नव्हतं. विरुद्ध पक्षाचा वकील नेहमी एक पान जास्त वाचून येतो.

मग मी घरचा साक्षीदार काढला. अजित आगरकर. म्हटलं, आमच्याकडे मुंबईचा एक पोरगा ऑस्ट्रेलियाविरुद्ध लागोपाठ पाच वेळा शून्यावर बाद झाला. पाच! नीट ऐका, पाच! लोकांनी त्याला 'बॉम्बे डक' म्हणून हिणवलं. आणि त्याच पोराने २००२ मध्ये लॉर्ड्सवर नाबाद शतक ठोकलं. कॉफीच्या यंत्रापाशी पहिल्यांदाच माझ्या बाजूने शांतता पसरली. पुतण्याही विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणजे तो तुमचा मुख्य फलंदाज?"

"नाही," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार! "तो मुळात गोलंदाज."

"मग त्याचं कामच नव्हतं ते."

खटला तिथेच पडला.

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती घावनं करत होती. मी तव्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हेच बघ ना. पहिलं घावन चिकटतंच. म्हणून कोणी तवा फेकून देतं का?"

"अहो, पहिलं चिकटतं," ती म्हणाली. "लागोपाठ पाच चिकटली तर गॅस बंद करून माणसं बाहेरून मागवतात."

त्यापुढचे दोन सामने टेलर खेळला आणि मला जरा श्वास मिळाला. मग टेलरचा गुडघा दुखावला. १० डिसेंबरला इंडियानापोलिसचा संघ इथे आला, आणि आमच्या बाजूने उभा राहिला पीटरमन. त्या दिवशी सरोवरावरून असा काही बर्फ आला की टीव्हीवर खेळाडू आहेत की कापूस पिंजणारे, ते कळेना. मैदानावरच्या रेघा गायब; माणसं फावड्यांनी शोधतायत. अशा हवामानात पोराने दहा फेकींपैकी पाच बरोबर टाकल्या, त्यात एक टचडाऊन, इंटरसेप्शन शून्य. मी काकांच्या तळघरात उभा राहून आजूबाजूला बघितलं. आयुष्यात इतकं बरोबर मी पूर्वी कधी ठरलो नव्हतो. आणि मला तोंड उघडायला मिळणार, तेवढ्यात पोराच्या डोक्याला मार लागून तो बाहेर गेला. शेवटी जादा वेळात आमचा लेशॉन मॅकॉय चेंडू घेऊन बर्फातून धावला आणि आम्ही १३–७ ने जिंकलो. सगळे मॅकॉयचं नाव घेऊन नाचत होते. मी आपला हळूच म्हणालो, "ते पहिलं टचडाऊन..." जावयाने माझ्या हातात फावडं दिलं आणि मला त्याच्या गाडीकडे नेलं.

त्या वर्षी ३१ डिसेंबरला सिनसिनाटीच्या अँडी डाल्टनने भलत्याच सामन्यात बाल्टिमोरला हरवलं, आणि त्या हिशेबात बिल्स बाद फेरीत पोचले. गावाने आनंदाच्या भरात डाल्टनच्या धर्मादाय संस्थेला सतरा-सतरा डॉलर पाठवले, एकेका वर्षाच्या दुष्काळाचा एकेक डॉलर. मीही पाठवले. परक्या क्वार्टरबॅकचं गुणगान करताना कोणी पुरावे मागत नाही, हे मला फार आवडलं.

वाटलं, सुटलो. पण पुढच्या सप्टेंबरात नवा मोसम उघडला, आणि पहिल्या सामन्याला मॅकडरमॉट यांनी सुरुवातीला उभं केलं ते परत पीटरमनलाच. टेलर दुसऱ्या संघात गेलेला. नवा निवडलेला जॉश ॲलन बाकावर. काकांनी सकाळीच कुंपणापाशी येऊन माझा हात हातात घेतला. "तुझी संधी," ते म्हणाले. पोराची नाही, माझी!

९ सप्टेंबर २०१८, बाल्टिमोर. मी नवा सदरा घालून गेलो होतो. अठरा फेकी, पाच बरोबर, चोवीस यार्ड, दोन इंटरसेप्शन. क्वार्टरबॅकला गुण द्यायचं एक भलं किचकट सूत्र इथे आहे. ते मेहुणीने नॅपकिनवर तीनदा मांडून पाहिलं आणि तिन्ही वेळा उत्तर शून्य आलं. चौथ्यांदा मांडायला मीच नको म्हणालो. त्या दिवशी कोणी मला काही बोललं नाही. मयताच्या घरी वावरतात तसे सगळे माझ्याभोवती हळू आवाजात वावरत होते. काकूंनी तर माझ्यासाठी वेगळा चीज-पाव भाजून आणला.

तिसऱ्या भागात पीटरमन बाहेर गेला आणि जॉश ॲलन आत आला. उंच, दांडगा, हातात जोर असलेला पोरगा. त्याचा हा पहिलाच सामना. फार काही जमलं नाही त्याला. ४७–३ ने हरलो. टीव्ही बंद झाला. मेहुणीने नवा नॅपकिन घेतला, रकाने आखले आणि पेन माझ्याकडे रोखलं. जावई, पुतण्या, काका सगळे वळले.

"बरं," काका म्हणाले, "याच्याबद्दल तुला काय वाटतं?"

मेजावर सेलरीच्या दोन काड्या उरल्या होत्या. मी दोन्ही एकदम तोंडात घातल्या.