टे पूल पाडण्याचं सगळं खापर वादळावर फोडू नका

स्कॉटलंडच्या टे नदीवरच्या पुलाची गोष्ट नेहमी एकाच साच्यात सांगितली जाते. थॉमस बाउच नावाच्या अडाणी इंजिनिअरनं पूल बांधला, वादळात तो आगगाडीसकट कोसळला, 75 माणसं गेली. मग जाणत्यांनी जवळच्या फोर्थच्या खाडीवर रेल्वेचा पूल बांधला आणि फेरीबोटींचा जमाना संपला. यातलं जवळजवळ प्रत्येक विधान तपासून घ्यायला हवं.

आधी 'अडाणी' हा शब्द. 1850 मध्ये फोर्थच्या खाडीवर ग्रँटन ते बर्न्टआयलंड 'लेव्हायथन' ही बोट सुरू झाली. तिच्या डेकवर रूळ होते आणि मालगाडीच्या भरलेल्या वाघिणी थेट त्यावर चढायच्या. जगातली ही पहिली आधुनिक रेल्वे फेरी मानली जाते. बोटीचा आराखडा थॉमस ग्रेंजर यांचा, पण खरी अडचण धक्क्यावर होती. तिथं भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं. मग वाघीण बोटीवर चढवायची कशी? बाउचनं उतरत्या धक्क्यावर रूळ टाकले, त्यावर चाकांची एक भलीमोठी चौकट ठेवली आणि किनाऱ्यावरच्या वाफेच्या इंजिनानं ती पाण्याच्या पातळीप्रमाणे वरखाली सरकवली. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत आपण गाडी सरळ आत घालतो, त्यामागची कल्पना हीच. हे अडाण्याचं काम नव्हे.

'वादळानं पूल पाडला' हे अर्धसत्य आहे. 28 डिसेंबर 1879 च्या रात्री वारा भयंकर होता, हे खरंच. पण पुलाचे खांब बिडाचे होते आणि खांबांना एकमेकांशी बांधणाऱ्या तिरक्या ताणपट्ट्या ज्या कानांना (खांबाच्या बाहेर आलेल्या भोकाच्या तुकड्यांना) बोल्टनं जोडल्या होत्या, ते कानही खांबासोबतच ओतलेले होते. चौकशीत आधी तुटलेले सापडले ते हेच. ओतकामात राहिलेली भोकं मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या मिश्रणानं बुजवून वर रंग फासला जायचा. कारागीर त्याला 'बोमाँट एग' म्हणत. पुलावरच्या देखरेख करणाऱ्याला 1878 च्या ऑक्टोबरातच ताणपट्ट्या खडखडताना ऐकू आल्या होत्या. त्यानं फटींत लोखंडाचे तुकडे ठोकून आवाज बंद केला. वादळ यायला अजून चौदा महिने होते. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग येतो तो या तुकड्यांचा. पूल आधीच सैल झालेला होता आणि ते कुणाच्या तरी कानावर पडलेलं होतं.

म्हणून बाउच निर्दोष ठरत नाही. टे पुलासाठी वाऱ्याचा वेगळा हिशेब धरला नव्हता, हे त्यानंच चौकशीत मान्य केलं. फोर्थवरच्या त्याच्या नियोजित झुलत्या पुलासाठी राजखगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी वाऱ्याच्या दाबाचा दर चौरस फुटाला 10 पौंडांचा अंदाज दिला होता. फ्रान्स आणि अमेरिकेत तेव्हा 50 पौंडांच्या आसपास धरत. रचना, बांधकाम आणि देखभाल, तिन्ही वाईट, असा ठपका चौकशीचे अध्यक्ष हेन्री रॉथरी यांनी ठेवला. तो योग्यच होता. पण ओतशाळेवर बाउचचं लक्ष नव्हतं म्हणून ओतशाळेची लबाडी नाहीशी होत नाही.

75 हा आकडा तेव्हाच्या अंदाजाचा. मृत्युनोंदी तपासल्यावर नावानिशी सापडतात ती 59 माणसं.

'जाणत्यांनी' म्हणजे फाउलर आणि बेकर या इंजिनिअरांनी फोर्थ पुलासाठी 56 पौंडांचा दाब धरला आणि बिडाऐवजी पोलाद वापरलं, हे अगदी खरं. 1890 मध्ये तो सुरू झाला. पण बाउचचं सगळं मोडीत निघालं हे खोटं. 1887 च्या नव्या टे पुलात त्याच्या जुन्या पुलाचे शाबूत गर्डर पुन्हा बसवले, आजही त्यांवरून गाड्या धावतात.

आणि फेरीबोटी? ग्रँटनची रेल्वे फेरी 1890 मध्ये बंद पडली, एवढंच. रेल्वेच्या पुलावरून मोटार जात नाही. क्वीन्सफेरीला फोर्थ पुलाच्या अगदी सावलीत मोटारी बोटीवर चढत राहिल्या, 1964 मध्ये शेजारी रस्त्याचा पूल होईपर्यंत. डंडीहून टे ओलांडणाऱ्या बोटी तर 1966 पर्यंत चालल्या.