‘निरंक’ लिहावं कसं?

रस्ता असो, साठवण तलाव असो की सोलारचा प्रकल्प, अहवालात एक रकाना येतोच: जागेत ऐतिहासिक, सांस्कृतिक, पुरातत्त्वीय असं काही आहे का? घाबरायचं नाही. ‘निरंक’ लिहायचं आणि पान उलटायचं. आमच्या गावच्या वळणरस्त्याच्या अहवालात हेच लिहिलंय. माहितीच्या अधिकारात 52व्या दिवशी प्रत हाती आली. त्याच्याच खालच्या ओळीत ‘कांदळवन बाधित होत नाही’ असंही आहे. खाडीकाठचं जंगल, आणि तेही लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यात! तेवढी एक ओळ मात्र शंभर टक्के खरी निघाली. अशा अनुभवी हातांकडून जे शिकलो, ते नव्या होतकरूंसाठी.

आधी संरक्षित स्मारकांची यादी उघडा. गावाचं नाव नाही ना? झालं काम. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते म्हणे, पण नावच नाही तर टेप कुठून लावणार? यादीत नाही म्हणजे जमिनीवर नाही. (याच हिशेबानं दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव न आलेली आमच्या वाडीची माणसं बागायतदार ठरतात.)

कागद शोधायचेच झाले तर आजच्या जिल्ह्याच्या नावानं शोधा. लातूर जिल्हा 1982 चा. आमचा निलंगा 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होता, मग उस्मानाबादेत, मग लातुरात. ‘लातूर’ म्हणून शोधलं की 1982 च्या मागचं फारसं काही लागत नाही आणि ‘आढळून आले नाही’ असं अगदी खऱ्या मनानं लिहिता येतं. हिंगोलीकरांची तर चैनच, त्यांचा जिल्हाच 1999 चा. उस्मानाबादचं गॅझेटियर कुणी पुढं केलंच, तर ‘आता धाराशिव झालंय’ म्हणून परत करा.

निजामाच्या राज्यात 1914 पासून पुरातत्त्व खातं होतं आणि ते वर्षाला अहवाल छापायचं, हे कुणाजवळ बोलू नका. उर्दू आणि मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दप्तरं, तर उघडूच नका, धुळीनं सर्दी होते.

म्हाताऱ्या माणसांना काही विचारू नका.

पाहणीला कार्तिकात जा. तूर डोक्याएवढी असते. गाडीतून उतरू नका.

शेतांच्या नावांपासून मात्र सांभाळून. गट नंबरनं काम चालवा, जुन्या सर्व्हे नंबरशी जुळवत बसू नका. कारण खेड्यातला माणूस शेताला नंबरानं हाक मारत नाही. कुणी म्हणेल ‘गढीखालचं’, कुणी ‘पांढरीचं’. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, नांगराला खापरं लागतात. आपण ‘भरावासाठी योग्य माती’ लिहायचं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला अशाच टेकाडावरच्या खापरा-मण्यांतून रामलिंगप्पा लामतुऱ्यांचा संग्रह उभा राहिला, त्याचं सरकारी संग्रहालय झालं. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या ग्रीक व्यापाऱ्याला तगर (म्हणजे हेच तेर) आणि पैठण माहीत होतं. आपल्याला माहीत असायची सक्ती नाही.

आमच्याकडचं शेत होतं ‘बारवेचं’. आता बारवेचं म्हटल्यावर तिथं बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, असेल, एवढी शंका शेंबड्या पोरालाही येईल. अहवालवाल्याला आली नाही. तीन बाजूंनी पायऱ्या, भिंतीत कोनाडे, एका कोनाड्यात नाक झिजलेला गणपती. 93च्या भूकंपानंतर गाव उठून माळावर गेलं, मारुती सोबत नेला, बारव काही नेता येईना. बहात्तरच्या दुष्काळात अख्खं गाव त्या पाण्यावर जगलं, हे आमचे अण्णा शेवटपर्यंत सांगायचे. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा सगळा देश आमच्याकडं बघत होता. आणि ही पाण्याची बारव दोन रात्रींत मुरूम टाकून बुजवली! रात्रीच का? दिवसा मुरमाच्या टिपरला रस्ता सापडत नव्हता का? मोजमाप पुस्तकात नोंद काय, तर ‘जुना खड्डा भरणे’. खड्डा! त्या खड्ड्याचं बिलही निघालं.

काठावर वीरगळ होता, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. खाली लढाई, मधे त्या वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीची पूजा आणि सगळ्यात वर चंद्रसूर्य. आमच्या बायका त्याला म्हसोबा म्हणून शेंदूर लावायच्या. तो दिसेना म्हणून जेसीबीवाल्या पोराला विचारलं. ‘त्यो दगड व्हय सर? त्यो कवाच मोरीत बसिवला की.’

पुरे झाला उपरोध.

अरे, दोन दिवसांचं काम होतं! गावनकाशा, 1954-55 चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद), भारतीय सर्वेक्षणाचा नकाशा टेबलावर मांडायचा, तालुक्याला उर्दू वाचणारा एक माणूस गाठायचा आणि गावात येऊन पारावर तासभर बसायचं. रस्ता कुणाला नकोय? अडलेली बाई दवाखान्यात न्यायची तर आम्हालाच लागतो. चाळीस फूट सरकला असता, एवढंच. कागदावर रेघ सरकवायला रबर लागतं, फुटलेली पायरी सांधायला काय लावणार? दुसऱ्या जिल्ह्याचा अहवाल उचलून आणताना कांदळवनसुद्धा खोडायचं सुचू नये? लाज वाटत नाही?

आणि गावकऱ्यांनो, तुम्ही गालात हसू नका. मावेजाच्या, म्हणजे जमिनीच्या भरपाईच्या, यादीत कुणाचा किती गुंठा हे तुम्हाला तोंडपाठ होतं, त्या दिवशी तहसीलला पाय ठेवायला जागा नव्हती. बारवेबद्दल अर्ज केला त्यावर सह्या किती? चार. त्यातली एक माझी, एक बायकोची.

रस्त्याखालची ती मोरी दुसऱ्या वळणावर आहे. पाणी नसलं की खाली उतरता येतं. डाव्या भिंतीत तिसऱ्या थराला तो दगड उलटा बसवलाय, चंद्रसूर्य खाली, घोडा वर पाय करून. सिमेंट सांडलंय, तरी शेंदूर अजून दिसतो.