खुलासा : लॉकमधून खाली उतरताना नावेचा दोर घट्ट बांधू नका

इंग्लंडच्या कालव्यांत भाड्याने नॅरोबोट (लांब, अरुंद नाव) घेऊन फिरणाऱ्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : "लॉकमध्ये नाव हलू नये म्हणून दोर खुंटाला घट्ट बांधा आणि नाव अगदी मागे ठेवा." लॉक म्हणजे कालव्यातला दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद; त्यातलं पाणी कमी-जास्त करून नाव खालच्या किंवा वरच्या पातळीला नेतात. खाली उतरताना या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात.

पाणी उतरतं, दोर तेवढाच राहतो. नाव दोराला लटकून कलते आणि ताण आलेली गाठ सुटत नाही. म्हणून दोराचा नुसता वेढा खुंटाला द्या, टोक हातात धरून सैल सोडत राहा.

नाव मागे ठेवण्याचा धोका त्याहून मोठा. वरच्या, म्हणजे नावेच्या मागे असलेल्या दरवाजाखाली दगडी किंवा काँक्रीटचा उंबरा असतो. लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही. सुकाणू त्यावर अडकलं की नाकाडाकडून पाणी शिरतं आणि नाव बघता बघता बुडते. बहुतेक लॉकच्या काठावर उंबऱ्याची पांढरी रेघ असते. सुकाणूसकट सगळी नाव तिच्या पुढे हवी.

अडकलीच, तर आधी पाणी बाहेर सोडणाऱ्या खालच्या झडपा बंद करा, मगच पाणी आत घेणाऱ्या वरच्या हळूहळू उघडा. झडपांपाशी एक जण शेवटपर्यंत उभा हवाच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.