शिसं आहे म्हणे, म्हणून जाळा!

शनिवारी मालवणला पोचले, तर काकी न्हाणीच्या चुलीपाशी पत्र्याची ट्रंक उघडून बसलेली. ‘गो, विष आसा ह्येच्यात,’ म्हणत तिने मोबाइल पुढे केला. फॅमिली ग्रुपवर फिरणारा तोच मेसेज: मुलांच्या जुन्या चित्रांच्या पुस्तकांत शिसं असतं, अमेरिकेने त्यांवर बंदी घातली, बुरशीने रोग होतात, जुनी चित्रं बघून मुलं मागे पडतात, आजच जाळून टाका.

आधी ते ‘जाळून टाका’ बघू. शिसं जळून नाहीसं होत नाही. थोडं धुरात जातं, बाकीचं राखेत उरतं. आमच्याकडची राख भांडी घासायला जाते, उरली तर माडाच्या मुळात. म्हणजे ट्रंकेत गुपचूप पडलेलं विष, असलंच तर, हा शहाणा थेट पातेल्यात आणायला सांगतोय!

आता अमेरिका. मुलांच्या वस्तूंतल्या शिशावर मर्यादा घालणारा कायदा तिथे २००८ साली झाला. काही जुन्या पिवळ्या-तांबड्या शायांत शिसं असायचं, तेही खरं. पण तिथल्याच ग्राहक सुरक्षा आयोगाने २००९ मध्ये सांगितलं की १९८५ नंतर छापलेली साधी पुस्तकं विकायला हरकत नाही, आणि २०११ च्या दुरुस्तीने वापरलेली पुस्तकं त्या मर्यादेतूनच वगळली. मग ही बंदी कुठून आणली? आमच्या ट्रंकेत बहुतेक मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं, शेवटच्या पानावर १९८६, १९८७. एकच १९७८ चं. त्याचा कोपरा चुलतभावाने रांगत्या वयात चावून खाल्लाय. तो आज ट्रॉलर चालवतो. हा पुरावा नव्हे, आणि रांगत्या पोराच्या हाती तसलं पुस्तक देऊ नयेच. पण शिशाची एवढी धास्ती असेल, तर आधी खिडकीच्या जुन्या तेलरंगाच्या पोपड्यांकडे बघा. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासूनची.

बुरशीचं मात्र खोटं नाही. इथल्या पावसात कागद ओल धरतोच, दम्याच्या मुलाला त्रास होतो. म्हणून तर काकी दसऱ्यानंतर पुस्तकं खळ्यात पसरते, ट्रंकेत वेखंड टाकते. काळी पडलेली टाकून द्या की, कोण नको म्हणतंय?

आणि मागे पडणं? मे महिन्यात काकीच्या चार वर्षांच्या नातीने ह्याच पुस्तकांत बर्फावरची घसरगाडी बघून विचारलं, ‘ह्या होडयेक वल्हां खंय?’ काकी मग अर्धा तास बर्फ समजावत बसली. तिने स्वतः तो फ्रिजबाहेर पाहिलेला नाही.

न्हाणीत शेवटी नारळाची सोडणंच जाळली. मेसेज अजून फिरतोय. पाठवणारे आमचेच भाऊजी.