फुकटच्या सर्व्हरवर सुखाने नांदण्याची रीत

मोठ्या कंपन्यांच्या पाळतीचा आपल्याला उबग आला आणि आपण मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या समाजमाध्यमावर खाते उघडायचे ठरवले, हे उत्तम झाले. तेथे जाहिरातींचा मारा नाही आणि एकच एक मालकही नाही. निरनिराळ्या माणसांनी, बहुधा पदरमोड करून, चालवलेले हजारो सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या सामायिक नियमावलीच्या आधारे एकमेकांशी बोलतात. नोंदणी करताना त्यांतला एक निवडावा लागतो, एवढीच काय ती कटकट. त्यासाठी सर्व्हरच्या माहितीचे पान वाचत बसू नये. तो कोण चालवतो, कोणत्या देशात आहे, नोंदी किती दिवस ठेवल्या जातात, महिन्याचे बिल कोण भरतो, असला रुक्ष मजकूर तेथे असतो. खोली भाड्याने घेताना आपण घरमालकाच्या आडनावापासून पाण्याच्या वेळेपर्यंत सगळे विचारून घेतो, पण तेथे डिपॉझिट द्यावे लागते. येथे नाव कानाला बरे वाटले की पुरे. लैंगिक अल्पसंख्याकांच्या एका सर्व्हरने असेच गमतीने क्विअर.एएफ हे नाव घेतले होते. त्यातली शेवटची दोन अक्षरे अफगाणिस्तानच्या अखत्यारीतली होती, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारने ते नाव बंद करून टाकले. असे रोज घडत नाही, म्हणून आपण निश्चिंत असावे.

खाते उघडल्यावर मनातले सगळे खासगी संदेशांत लिहावे. हे संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद नसतात, ते सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये साध्या अक्षरांत पडून असतात, आणि ज्याच्या हाती डेटाबेस आहे तो ते वाचू शकतो. लिहिताना मॅस्टोडॉन स्वतःच तसा इशारा देतो. पण इशारे वाचण्याची आपली परंपरा नाही. समजा, एका मैत्रिणीला तिसऱ्या मित्राच्या उधारीविषयी दोन शब्द लिहायचे आहेत. तेव्हा संदिग्धता राहू नये म्हणून त्या मित्राचे खातेनाव ॲटच्या चिन्हासकट लिहावे. मॅस्टोडॉनवर संदेशात ज्याचे नाव असे येते त्यालाही तो संदेश पोचतो, त्यामुळे ‘पाठीमागे बोलतो’ हा आरोप आपल्यावर कधीच येणार नाही.

पुढे पश्चात्ताप झाला तर मजकूर पुसावा. आपला सर्व्हर तो पुसतो, आणि जेथे जेथे त्याच्या प्रती गेल्या आहेत तेथे ‘कृपया आपणही पुसावे’ असा निरोप धाडतो. समोरच्याने निरोप घेतला तर प्रश्नच नाही, आणि तो सर्व्हर बंद पडलेला असला, किंवा त्याच्या चालकाला निरोप मानायचाच नसला, तर आपले साहित्य अजरामर झाले असे समजावे.

सर्व्हर चालवणारा माणूस सज्जन आहे ना, मग झाले. कोलेक्टिव्हा.सोशल या, मुख्यतः अराज्यवादी कार्यकर्त्यांच्या सर्व्हरचे ॲडमिनही सज्जनच होते. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्यांच्यापैकी एकाच्या घरावर भलत्याच प्रकरणात धाड घातली. हे गृहस्थ नेमके त्या वेळी सर्व्हरमधला एक बिघाड शोधण्यासाठी डेटाबेसची प्रत उघडून बसले होते. ती कुलूपबंद नव्हती, आणि घरातल्या इतर यंत्रांबरोबर तीही जप्त झाली. सरकारवर तिळमात्र विश्वास नसलेल्या मंडळींचे ईमेल पत्ते आणि खासगी संदेश असे एकगठ्ठा सरकारदरबारी जमा झाले. घरी बसून, पगार न घेता, लोकांचा बिघाड दुरुस्त करत असल्याचे हे फळ. यावरून आपण एवढाच बोध घ्यावा की ॲडमिनने स्वतंत्र कार्यालय, कुलूपबंद डिस्क आणि जोडीला दुसरा माणूस ठेवायला हवा. हे सगळे कोणाच्या पैशाने, हा बोध पुढच्या धाडीपर्यंत लांबवावा.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर तोही उरकून घेऊ. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर ट्विटर इलॉन मस्क यांच्या ताब्यात गेले आणि पुढच्याच महिन्यात हॅकिडर्म हा सर्व्हर काही शे सदस्यांवरून तीस हजारांच्या घरात गेला. तो अमेरिकेतल्या एका घराच्या तळघरात चालत होता, आणि डिस्का ऐन गर्दीत दगा देऊ लागल्या. अशा प्रसंगी साइडकिक नावाच्या रांगेत लाखो कामे तुंबतात, सकाळचा ‘शुभ प्रभात’ दुपारी पोचतो, आणि चालक रात्रभर ती रांग उपसत बसतो. आपण त्याला दर दहा मिनिटांनी ‘सर्व्हर डाऊन आहे का?’ असे विचारून जागे ठेवावे.

आपल्या घरच्या आंब्याच्या पेटीचे फोटोही मोकळ्या हाताने टाकावेत. आपले अनुयायी ज्या ज्या सर्व्हरवर आहेत, तो प्रत्येक सर्व्हर त्या फोटोची स्वतःची प्रत साठवतो. म्हणजे पेटी एक, पण तिचे गोदामभाडे दोनशे अनोळखी लोक भरतात. पर्यावरणाची चाड असेल तर विजेच्या बचतीवरील एखाद्या लेखाचा दुवा द्यावा. तो मजकूर पोचलेला जवळजवळ प्रत्येक सर्व्हर त्या दुव्याची झलक स्वतंत्रपणे आणायला जातो, आणि एका मिनिटात एवढे पाहुणे दाराशी आल्याने ते बिचारे छोटे संकेतस्थळ बसते. वीज तेवढीच वाचली.

ॲडमिनने देणगीचे आवाहन केले तर ‘आवडले’ म्हणून ताऱ्याचे चिन्ह दाबावे आणि ते पुढे पाठवावे. गणपतीची वर्गणी न देता मंडळाची पावतीपुस्तके फक्त शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोचवणारा माणूसही कार्यकर्ताच म्हणवतो.

मी हे अधिकाराने सांगतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर भारतातून जो लोंढा मॅस्टोडॉनवर आला, त्यात मी होतो. त्यातले पुष्कळ जण परत गेले. जाताना खाते पुसावे हे फारच थोड्यांना सुचले असेल. माझेही खाते, त्यातल्या उधारीच्या संदेशांसह, कोणाच्या तरी डिस्कवर तसेच राहिले. तीन वर्षांनी परतलो तेव्हा ते जागेवर होते. दरम्यान किती बिले भरली गेली, हे मी विचारले नाही. पुढे एके दिवशी ॲडमिनचे पत्र आले: नोकरी, लहान मूल आणि सर्व्हर ही तिन्ही आता जमत नाहीत, तीन महिन्यांनी बंद करतो आहे, खाते हलवून घ्यावे. खाते हलवले तर अनुयायी बरोबर येतात, जुना मजकूर मात्र येत नाही, असेही त्यांनी सविस्तर समजावले होते. पत्र रात्री पावणेतीन वाजता लिहिलेले होते. मी लगोलग उत्तर धाडले: ‘वाचून फार वाईट वाटले. दुसरा एखादा चांगला, फुकट सर्व्हर सुचवाल का?’