डिपस्टिकवर ऑइल वाढतंय? मग पेढे वाटू नका

‘डिझेल गाडीचं ऑइल कमी न होता वाढलं तर इंजिन ठणठणीत. फारच वाढलं तर हायवेला पळवा, उडून जाईल. काळं पडल्याशिवाय बदलू नका.’ हा मेसेज आठवड्यात तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहितोय.

इंजिन काही ऑइल बनवत नाही. पातळी वाढली म्हणजे बाहेरून काहीतरी मिसळतंय. कूलंट असेल तर ऑइल दुधाळ होतं, बाटलीतलं कूलंट घटतं. नाहीतर ते डिझेल. माझ्या गाडीत तेच निघालं. ऑइल बदललं तेव्हा डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) खूण वरच्या रेषेच्या जरा खाली होती. दोन महिन्यांनी रेषेच्या बोटभर वर. वर्कशॉप म्हणालं, ‘जास्त भरलं गेलं असेल.’ भरताना मी शेजारीच उभा होतो! मोजायचं ते सकाळी थंड इंजिनवर, दर वेळी त्याच सपाट जागी. (साताऱ्यात सपाट जागा शोधणं हेच मोठं काम.)

हे डिझेल येतं कुठून? एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाड्यांत डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साचलेली काजळी सुमारे 600 अंशांवर जाळावी लागते. त्यासाठी बऱ्याच गाड्या सिलिंडरमध्ये उशिरा, म्हणजे नेहमीचं डिझेल जळून गेल्यावर, जादा डिझेल मारतात. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. माझं रोजचं पोवई नाका ते राजवाडा, साताऱ्यातल्या साताऱ्यात छोटी फेरी. काजळी जळायला लागली की मी गाडी बंद करणार, पुढच्या फेरीला पुन्हा पहिल्यापासून. लांबच्या प्रवासातही पातळी वाढत राहिली, तर मात्र इंजेक्टर तपासून घ्या.

‘उडून जाईल’ हे पेट्रोलच्या बाबतीत थोडंफार खरं. डिझेल साधारण 180 ते 360 अंशांत उकळतं, ऑइल तापतं शंभरच्या आसपास. कुठलं उडतंय! हायवेने साताऱ्याहून उंब्रजपर्यंत एका दमात गेलात तर काजळी पुरती जळते, नवं डिझेल उतरायचं कमी होतं, इतकंच. उतरलेलं तिथेच राहतं. वरचं थोडं ऑइल काढून टाकलं तरी उरलेलं पातळच. बेअरिंगची झीज रोखायला ते पुरत नाही.

काळेपणाचं तर सोडाच. डिझेल इंजिनात नवं ऑइलही काजळीने लवकरच काळं होतं.

पातळी फारच वाढली की ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा घ्यायच्या वाटेत, जाऊ शकतं. मग इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं, आणि चावी फिरवली तरी बंद होत नाही.