टर्नटेबलचं वजन ढकलून कळत नाही

‘टर्नटेबल हलवायचंय? वजन काढायला इंजिनियर कशाला?’ असं सुरू होणारा एक मजकूर गेले काही दिवस ग्रुपांवर फिरतोय. टर्नटेबल म्हणजे रेल्वेच्या शेडमध्ये इंजिन वळवायला असतं ते फिरतं टेबल. मला तो तिसऱ्यांदा आला तेव्हा पाठवणाऱ्याने खाली विचारलं होतं, ‘बरोबर आहे ना हे?’ म्हणून हे उत्तर.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: टेबलावरच्या प्लेटवर जे टन लिहिलेत तेच त्याचं वजन. प्लेट नसेल तर दोघांनी ढकलून बघा, फिरलं तर दहा टनांच्या आत. भंगारवाल्याचा अंदाज चुकत नाही. उरलं तर क्रेनचा मीटर सांगतोच. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य, जुने खलाशी, म्हणजे जड सामान अंगमेहनतीने हलवणारे कामगार, कुठे गणितं करत होते?

आधी एक गंमत बघा. प्लेटवर १८० टन असलेलं आणि दोन माणसांनी फिरणारं टेबल अजिबात दुर्मीळ नाही. म्हणजे या मजकुराप्रमाणे त्याच टेबलाचं वजन १८० टनही आहे आणि दहाच्या आतही आहे. पहिल्या आकड्यावर विसंबलात तर क्रेनच्या भाड्यात घर विकाल. दुसऱ्यावर विसंबलात तर दोन हायड्रा, म्हणजे छोट्या चाकांवरच्या क्रेन, बोलावाल, आणि पुढचं सांगायला नको.

प्लेटवरचा आकडा हा टेबल किती पेलतं त्याचा असतो. टर्नटेबल म्हणजे एक पूलच, फक्त गोल खड्ड्यात मधल्या खुंटावर फिरणारा. नदीवरच्या पुलावर ‘कमाल भार अमुक टन’ अशी पाटी असते, ते पुलाचं वजन आहे असं आपण म्हणत नाही. आपल्याकडचं डब्ल्यूपी जातीचं वाफेचं इंजिन टेंडरसकट (मागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यासकट) १७० टनांच्या पुढे जायचं. अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिकचं ‘बिग बॉय’ टेंडरसकट ५४० टनांच्या आसपास, आणि त्याच्यासाठी १३५ फुटी टेबलं बांधावी लागली. ही टेबलं इंजिनांइतकीच जड असती तर ती पेलायला खाली काय घातलं असतं?

आता ढकलायचं. हा मुद्दा लोकांना पटतो, कारण डोळ्यांना दिसतो. पण हाताला जे जाणवतं ते घर्षण असतं. वजन त्याच्या मागे लपलेलं असतं. समतोल टेबलाचा जवळजवळ सगळा भार मधल्या खुंटावर येतो. ३४ टनांचं टेबल धरा. खुंटाची घासणारी त्रिज्या सरासरी १० सेंटिमीटर, वंगण बरं असेल तर घर्षणाचा गुणांक ०.१. ढकलणारा माणूस मात्र मध्यापासून साडेदहा मीटरवर उभा आहे, म्हणजे तरफ शंभरपटीहून लांब. गणित केलं तर जोर लागतो फक्त ३२-३३ किलोचा. एक माणूस पुरे. त्यावर १७० टनांचं इंजिन चढवा, जोर १९० किलोवर जातो, चार-पाच जण लागतात. शेडमध्ये खलाशी इंजिनासकट टेबल फिरवायचे ते याच हिशेबाने. उलट खुंट गंजून धरला असेल तर रिकामं टेबल दहा जणांनाही हलत नाही. ते काय शंभर टनांचं झालं?

मग वजन काढायचं कसं? टेप, खडू, व्हर्नियर आणि अर्धा दिवस. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दोन सूत्रं पोराटोरांनाही पाठ असतात. सळईला डी स्क्वेअर बाय १६२, म्हणजे व्यासाच्या मिलिमीटरचा वर्ग भागिले १६२, उत्तर मीटरला किलोमध्ये. आणि प्लेटला, एक चौरस मीटर गुणिले जाडीचे मिलिमीटर गुणिले ७.८५. टर्नटेबलला यातलं दुसरं लागतं.

समजा ७० फुटी, म्हणजे २१.३ मीटरचं रिव्हेटचं टेबल आहे. दोन मुख्य गर्डर, म्हणजे लांबीभर जाणाऱ्या लोखंडी तुळया. पोटाची प्लेट मध्यभागी दीड मीटर उंच, टोकांना ७० सेंटिमीटर, सरासरी १.१ मीटर, जाडी १२ मिलिमीटर. एका गर्डरला साधारण २.२ टन. वरच्या-खालच्या फ्लॅंजच्या (आडव्या पट्ट्यांच्या) प्लेटा ४०० मिलिमीटर रुंद. इथे घाई करू नका. फ्लॅंजच्या प्लेटा टोकाला एक, पुढे दोन, मध्यभागी तीन अशा चढत जातात. वरून रंगाचा आणि गंजाचा थर असतो, पण कडेला छिन्नीने खरवडलं की पापुद्र्यासारखा एकेक थर मोजता येतो, आणि प्लेट जिथे संपते तिथे बोटाला पायरी लागते. ती पायरी कुठे आहे ते खडूने लिहून ठेवायचं. सरासरी ३० मिलिमीटर आली तर एका गर्डरच्या दोन फ्लॅंज मिळून ४ टन. चार अँगल दीड टन. झाले ७.७. दोन गर्डर १५.४, त्यावर स्टिफनर (पोटाच्या प्लेटला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्या), जोडपट्ट्या, रिव्हेटची डोकी यांचे १५ टक्के धरले की पावणेअठरा.

पुढे आडवे गर्डर आणि ब्रेसिंग (तिरके आधार) ४ टन, ९० पौंडी (यार्डाला ९० पौंड) रूळ दोन्ही मिळून १.९ टन, मधलं ओतीव बैठकीचं काम आणि टोकांची चाकं-गाडे साडेचार टन. बिडाला ७.८५ ऐवजी ७.२ धरा. लाकडी फळ्या कोरड्या असल्या तर साडेतीन टनांच्या आत, पावसाळ्यानंतर जास्त. बेरीज ३२ टनांच्या जवळ येते. टेबलागणिक आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

यात एक गोष्ट प्रत्येक जण विसरतो, ती म्हणजे राख. शेडमधल्या टेबलाच्या खालच्या फ्लॅंजवर कोळशाची राख, तेल, माती बसून पुठ्ठ्यासारखा थर झालेला असतो. वरून तो लोखंडच वाटतो, स्क्रू-ड्रायव्हर खुपसला की आत जातो. दोन्ही गर्डरांवर पाच सेंटिमीटरचा थर म्हणजे दीड टन. खरवडून काढा नाहीतर मोजा. वर १५ टक्के हाताशी ठेवा. म्हणजे उचल ३८ टनांची धरायची, स्प्रेडर बीम (उचलताना वर लावायची आडवी तुळई), स्लिंगा (बांधायचे दोर) आणि हूक ब्लॉक त्याशिवाय.

भंगारवाल्याबद्दल मला आदर आहे. त्याचा अंदाज चांगला असतो, पण तो पैशाचा अंदाज आहे. तो टेबल कापून, तुकडे वजनकाट्यावर घालून नेतो. दोन टन इकडेतिकडे झाले तर त्याचा नफा कमी-जास्त होतो. तुम्हाला ते एकसंध उचलून दुसरीकडे बसवायचंय. असं होतही आलं आहे. इंग्लंडमध्ये डिडकॉटच्या रेल्वे सेंटरमधलं टेबल साउदॅम्प्टनच्या गोदीतून आणलेलं आहे.

क्रेनचा मीटर हा मजकुरातला सर्वात धोक्याचा भाग. मीटर आकडा दाखवतो तो भार हुकावर आल्यावर. क्रेन त्याच्या आधी भाड्याने घ्यावी लागते. आणि ‘५० टनी क्रेन’ म्हणजे ५० टन कुठेही नव्हे, बूम, म्हणजे क्रेनचा हात, अगदी जवळ असताना. टर्नटेबलला जवळ जाताच येत नाही, हीच तर अडचण. ७० फुटी खड्ड्याचा मध्य भिंतीपासून १०.७ मीटरवर. आउटरिगर (क्रेनचे बाजूला टेकवायचे पाय) खड्ड्याच्या कडेला टेकवायचे नाहीत, भिंत आत ढासळेल, म्हणून दीड मीटर मागे. आउटरिगरपासून क्रेनचा मध्य आणखी साडेतीन मीटर. झाले पंधराच्या पुढे. त्या त्रिज्येवर ५० टनी क्रेनच्या लोड चार्टमधला (किती अंतरावर किती उचलता येतं त्या तक्त्यातला) आकडा एकदा बघाच. मग दोन क्रेन लावाव्या, एकेक टोकाला, असं सुचतं. योग्यच आहे, पण जोडीने उचलताना प्रत्येकीला तिच्या क्षमतेच्या ७५ ते ८० टक्क्यांपर्यंतच वापरायचं. शिवाय टेबलाच्या एका टोकाला मोटर किंवा केबिन असेल तर भार अर्धा-अर्धा पडत नाही.

खलाशांचं म्हणाल तर, १९८८ साली केरळात पेरुमणजवळ आयलंड एक्स्प्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात पडले, तेव्हा ते काढायला मलबारचे मापिला खलाशी आले होते. कप्पी, दोर आणि लाकडी रहाट. कागद-पेन्सिल नसेल, पण रहाटावर दोर इंच-इंच ताणला जातो, भार किती ते हातांना कळत जातं, आणि नको वाटलं की तिथेच थांबता येतं. त्यांचं अवजारच वजनकाटा होतं. हायड्रावाल्याने लिव्हर ओढल्यावर मागची चाकं उचलली जातात, तेव्हा कळून उपयोग नसतो.

खलाशांच्या रीतीच्या जवळ जाणारी गोष्ट आजही करता येते, आणि मी गणितावर न थांबता तीच करतो. टेबलाच्या एका टोकाला दोन्ही गर्डरांखाली एकेक हायड्रॉलिक जॅक लावायचा, दुसरं टोक पॅकिंगवर (लाकडी ठोकळ्यांवर) टेकवायचं, आणि मधली बैठक खुंटावरून सुटेपर्यंत हळूहळू उचलायचं. १०० चौरस सेंटिमीटरच्या पिस्टनवर गेज चौरस सेंटिमीटरला ८५ किलो दाखवत असेल तर त्या जॅकवर साडेआठ टन, टोकाला १७. मग तेच दुसऱ्या टोकाला करायचं, आणि दोन्हींची बेरीज. गंजलेला खुंट सुटताना गेज एकदम ११०-१२० वर उडी मारतं आणि ‘कड्’ असा आवाज होऊन खाली येतं. वहीत लिहायचा तो खाली आल्यानंतरचा आकडा.